कारणाचा रकाना

चष्म्याने टेबलाखाली वाकून केबल उपसली, बोटांभोवती गुंडाळली आणि खिशात कोंबली.

"ही मी नेतोय. माझी आतून तुटलीय."

"विचारायची काही पद्धत असते," बारकी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

बारकीने नुकताच ड्रमचा वेग वाढवला होता. टेबलाच्या टोकाला कागद चिकटवलेला एक पत्र्याचा ड्रम गरगरत होता, त्याच्यावर कॅमेरा रोखलेला होता आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या करड्या खोक्यावर एक हिरवा दिवा होता. ड्रमने वेग घेतला आणि दिवा विझला. स्क्रीनवरचा आकडा नऊशेवर गोठून राहिला. ड्रम हजाराने फिरतोय, हे नुसत्या आवाजावरूनही कळत होतं. बरोबर दोन सेकंदांनी दिवा पुन्हा लागला, आकडा टुणकन उडी मारून हजारावर गेला आणि खाली एक ओळ उमटली: सर्व ठीक.

"काय केलंस तू?"

"केबल काढली. खोक्याच्या आत नुसती बघायची केबल आहे ना ती? आकडे तर दुसऱ्या तारेने येतात."

"नुसती बघायची," बारकी सावकाश म्हणाली. "आण ती इकडे."

केबल लावून तिने वेग बदलला. दिवा लागलेलाच राहिला. केबल काढून बदलला. दिवा गेला. दहा वेळा लावली, दहा वेळा काढली, दहाही वेळा तेच. मग ती खुर्ची सोडून खाली फरशीवरच बसली.

"चष्म्या, त्या दिवशी मिलमध्ये केबल नव्हती."

चष्म्याने खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं आणि काही न पुसता हातात धरून ठेवलं.

दोन खोल्यांची त्यांची कंपनी होती, मालक दोन आणि नोकर शून्य. स्क्रीनवर दिसणारं सगळं चष्म्याचं, खोक्यातलं सगळं बारकीचं. तिला बारकी म्हणत ते घरी. पण चष्मा कॉलेजपासून तिच्या घरी जेवत आलेला, त्यामुळे त्याच्याही तोंडात तेच बसलं होतं. ती तेहेतीस वर्षांची होती आणि उंचीने बापाच्या बरोबरीची.

खोक्यात एक चिप होती. विकत आणली तेव्हा कोरी पाटी. तिच्यात काय कशाला जोडायचं ते बारकीने ठरवलेलं. अशा चिपच्या पोटात ठोका देणारा एक भाग असतो आणि बाकीची सगळी मंडळी त्याच्या ठोक्यावर पावलं टाकतात. कॅमेऱ्यासमोरून धावणाऱ्या कागदाच्या वेगाने ठरावीक टप्पा ओलांडला की हा ठोकाही बदलावा लागतो, नाही तर मोजमाप चुकतं. इतरांची खोकी त्यासाठी बंद करून पुन्हा चालू करावी लागत. बारकीचं खोकं चालता चालता ठोका बदलायचं. सगळ्यांना क्षणभर थोपवायचं, ठोक्याला थांबवायचं, नवे आकडे भरायचे, ठोका स्थिर होईपर्यंत कळ काढायची आणि मग सगळ्यांना सोडायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत. ह्या एका गोष्टीमागे तिने तीन वर्षं घालवली होती, आणि ती जमली याचा तिला गर्व होता. अभिमान हा शब्द तिला जरा मिळमिळीतच वाटायचा.

आणि आता कळत होतं की हे हुकूम सोडणारा जो भाग, तो स्वतः त्याच ठोक्यावर चालत होता. त्याने 'थांब' म्हटलं, ठोका थांबला, आणि पुढचा हुकूम द्यायला हुकूम देणाराच शुद्धीवर राहिला नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याची गोष्ट लहानपणी सगळेच ऐकतात आणि सगळेच हसतात. केबल जोडलेली असली की तिच्यातून कॉम्प्युटरचा एक वेगळा, कधी न बदलणारा ठोका येई. अगदी सुरुवातीला बारकीने सोयीसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: केबल असेल तर हुकूमवाल्याने तिचा ठोका घ्यावा, नसेल तर घरचा घ्यावा. पुढे ती ओळ ती साफ विसरून गेली. टेबलावर केबल कायमच लावलेली असे, त्यामुळे आठवण करून द्यायलाही कोणी नव्हतं. शिवाय दोन सेकंद काही हललं नाही तर सगळं नव्याने चालू करणारा एक राखणदारही तिनेच बसवला होता. त्याने त्या दिवशी आपलं काम चोख केलं आणि मागचा सगळा पुरावा पुसून टाकला.

तो दिवस सतरा दिवसांपूर्वीचा.

कागदाच्या मिलमधलं ते मशीन एखाद्या गल्लीएवढं लांब होतं. एका टोकाला पाण्यात भिजलेला लगदा, दुसऱ्या टोकाला कोरडा कागद, आणि मध्ये रुळांच्या रांगा. एका भागातल्या रुळांवरून पुढच्या भागातल्या रुळांवर जाताना कागदाचा पट्टा हातभर अंतर अधांतरी धावतो. तिथे मागच्या आणि पुढच्या रुळांचा वेग जमला नाही तर पट्टा एक तर झोळतो, नाही तर फाटतो. बारकीचं खोकं चाचणीसाठी तिथेच बसवलं होतं. कागदाचा वेग बघायचा आणि पुढच्या रुळांना सांगायचं, एवढंच त्याचं काम.

मशीनचा ऑपरेटर तिचा बाप होता. मिलमध्ये त्यांना सगळे काका म्हणत, साहेबसुद्धा. वेग चढवणं ही त्यांची खासियत. चालत्या मशीनचा वेग वाढवताना कागद तुटला तर कोणाच्या हातून तुटला ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असे. दुसऱ्या पाळीच्या लंबूच्या नावापुढे चार होते. काकांच्या नावापुढे एकोणीस वर्षं शून्य होतं, आणि त्या शून्याला नवा खडू फिरवायचं काम ते दर पहिल्या तारखेला स्वतः करत. महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते.

त्या दिवशी त्यांनी वेग चढवायला घेतला आणि मिनिटाला नऊशे मीटरच्या पुढे जाताच कागद तुटला. फट्ट असा, छत्री उघडल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ पांढऱ्या कागदाचा ढीग जमिनीवर साचू लागला. माणसं धावली. पट्टा पुन्हा रुळांमधून ओवून घेण्यात दीड तास गेला. दरम्यान साहेब खोक्यापाशी आले, वाकून पाहिलं. हिरवा दिवा लागलेला. सर्व ठीक. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

"माझा हात जरा घाईत गेला, साहेब," काका म्हणाले.

ते फळ्यापाशी गेले, अंगठ्याने शून्य पुसलं आणि तिथे एक लिहिला. खडू नीट उमटला नाही म्हणून तीच रेघ त्यांना दोनदा ओढावी लागली.

बारकीला आता फरशीवर बसल्या बसल्या हे सगळं आठवलं तेव्हा सगळ्यात जास्त टोचली ती भलतीच गोष्ट. तिने बापावर लगेच विश्वास ठेवला होता. परतताना गाडीत ती चष्म्याला म्हणालीही होती, वय झालं की हात चुकतोच.

"दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल?" चष्म्याने विचारलं.

"दुपारपर्यंत होईल."

"मग कर आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुवारी पुन्हा चाचणी आहे, खोकं चाललं की विषय संपला. काका आपण होऊन बोललेत, तुला कोणी काही विचारत नाहीये."

"तेच तर. कोणी विचारत नाहीये."

चष्मा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त गुरुवार नीट पार पडायला हवा होता.

बोर्डाच्या कोपऱ्यात राखणदारासाठी बसवलेला एक साधा क्रिस्टल होता. त्याचा ठोका कधी बदलत नसे आणि बदलायची कोणाला गरजही नसे. बारकीने हुकूम सोडणारा भाग त्याच्यावर नेला. सगळा बदल चार ओळींचा. मग तिने केबल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली चष्म्याच्या हातात दिली आणि सांगितलं, मी पाया पडले तरी देऊ नकोस. दोन दिवसांत ड्रमचा वेग तीन हजार वेळा बदलला. दिवा एकदाही विझला नाही.

घरी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बारकीचं पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. ते आईचं प्रदर्शन. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती त्याच्यासमोर उभं करी; वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही तिने ते वाचून दाखवलं होतं आणि त्याने बिचाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. बाबांनी त्यासाठी भिंतीत खिळा ठोकला, तेवढाच त्यांचा त्यात वाटा. त्या चौकटीकडे ते कधी बघत नसत. बारकीने मनातल्या मनात त्याचा निकाल केव्हाच लावून टाकला होता: बाबांना कागद कळतो तो धावता, टांगलेला नाही.

"बाबा, त्या दिवशी कागद तुटला ना," तिने भाताचा घास तसाच ठेवून सुरुवात केली.

"भाजी दे इकडे."

"ऐका ना. मला एक..."

"मशीनचं मशीनपाशी."

हा घरचा जुना कायदा होता. मशीनवर कोणी बोट गमावलं असो की कोणाला बढती मिळाली असो, ताटावर त्यातलं काही यायचं नाही. बारकी लहान असताना बाप काय काम करतो हे तिला शाळेच्या सहलीत मिल बघायला गेल्यावर कळलं होतं.

"एकदा ऐकून तरी घ्या, अहो," आई म्हणाली. "एकोणीस वर्षांत एकदा तुटला तर काय आभाळ कोसळलं? तीन दिवस धड जेवला नाहीत. आणि वर ती लंबूची बायको मला विचारते, काकांचे डोळे तपासून घेतलेत का म्हणून! मी म्हटलं, त्यांना सुईत दोरा ओवताना येऊन बघ एकदा."

बाबा हसले नाहीत. त्यांनी भाजी वाढून घेतली आणि भांडं बारकीपुढे सरकवलं. बारकी समोरच्या त्या अंगठ्याकडे बघत राहिली. धुऊन स्वच्छ झालेला होता, खडूचा मागमूस नव्हता. तिला तोंड उघडून सगळं सांगून टाकावंसं वाटलं, कायदा गेला खड्ड्यात. मग तिच्या लक्षात आलं की इथे सांगून भागणारच नाही. बाबा बोलले होते ते सगळ्यांसमोर, मशीनपाशी. तिलाही तिथेच बोलायला हवं होतं.

"गुरुवारी किती वाजता?" बाबांनी पाणी पिता पिता विचारलं. कायदा त्यांनीच मोडला होता, पण ते कोणी दाखवून दिलं नाही.

"बाराला."

"माझी पाळी दोनला सुटते. वेळ आहे."

गुरुवारी बाराला बारकी काचेच्या केबिनमध्ये उभी होती. केबिनचं दार कायम उघडं असे, कारण बाबांना कागद कानाने ऐकायचा असे. त्यामुळे आत बोलायचं तरी घसा ताणूनच. साहेब हाताची घडी घालून मागे उभे. चष्मा स्क्रीनसमोर, श्वास रोखून. तो रुळांकडे बघतच नव्हता.

बाबांनी मूठ धरली. वेग चढवायची ती मूठ लाकडी होती, पितळी पट्टी लावलेली. मशीन दोनदा नवं झालं पण मूठ त्यांनी बदलू दिली नव्हती. त्यांनी मान किंचित वाकडी केली आणि मूठ फिरवायला घेतली. आठशे ऐंशी. आठशे नव्वद. त्यांचं मनगट हलताना दिसत नव्हतं, फक्त आकडा हलत होता. बारकीला वाटलं, म्हातारा हात म्हणे! हा हात चुकतो असं मला वाटलंच कसं?

नऊशे.

अधांतरी धावणारा पट्टा एकदाही थरथरला नाही. खोक्याने त्या क्षणी सगळ्यांना थोपवलं, ठोका थांबवला, नवे आकडे भरले, कळ काढली आणि सगळ्यांना सोडलं. बाहेरून काहीच दिसलं नाही, आणि काहीच न दिसणं हेच तर तीन वर्षांचं काम होतं. नऊशे दहा. साडेनऊशे. हजार. बाबांनी मूठ सोडली नाही. वेग पुन्हा खाली आणला, पुन्हा चढवला. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुद्दाम जरा झपाट्याने चढवला, एखाद्या घोड्याची परीक्षा घ्यावी तसा. कागद धावत राहिला.

चष्म्याने श्वास सोडला. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. तिला आनंद झाला होता, भरपूर झाला होता, आणि तो लपवायचं तिला काही कारण वाटलं नाही.

"वा!" साहेब म्हणाले. "मॅडम, हे खोकं आता इथेच राहणार. आणि काका, आज हात काय फिरलाय! त्या दिवशी असाच फिरला असता तर?"

दोनची पाळी जवळ आली होती. लंबू डबा घेऊन दारात येऊन उभा राहिला होता, मान वाकवून, कारण चौकट त्याला पुरत नसे. साहेबांच्या बोलण्यावर तो हसला. हसण्यात दुष्टपणा नव्हता. चारवाल्याला एकवाल्याची सोबत मिळाल्याचं समाधान होतं.

"त्या दिवशीही असाच फिरला होता," बारकी म्हणाली.

मशीनच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा, घसा ताणून सांगितलं.

"साहेब, त्या दिवशीही त्यांचा हात असाच फिरला होता. कागद माझ्या खोक्याने तोडला. चूक माझी होती. मला ती परवा सापडली."

साहेबांनी हाताची घडी सोडली. चष्मा उगाच स्क्रीन पुसू लागला. बारकीने एका दमात सगळं सांगितलं: हुकूमवाला, ठोका, केबल, राखणदार. फांदी आणि कुऱ्हाडही सांगितली, कारण साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या कमी होईनात. बोलताना ती साहेबांकडे बघत होती. बापाकडे बघायचा धीर तिला शेवटीच झाला.

"आणि मलाही वाटलं, बाबा, की हात तुमचाच चुकला."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि मशीनची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. कागद तुटला की तिच्यात एक ओळ लिहायची असा नियम होता. तारीख, वेळ, वेग, कारण, सही. कारण ज्याने घडवलं त्याने लिहायचं आणि त्यानेच सही करायची. बाबांनी अंगठा लावून पानं सोडत सोडत एक पान उघडलं. पानात कागदाचा एक फाटका पट्टा खुणेसारखा ठेवलेला होता.

त्या दिवसाची तारीख होती. वेळ होती. वेग होता, नऊशे दोन. कारणाचा रकाना कोरा होता. सहीचाही.

बारकीने वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. सगळ्या भरलेल्या होत्या. लंबूच्या चारही सह्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कारण माहीत नव्हतं. माझा हात नव्हता एवढं माहीत होतं." त्यांनी फाटका पट्टा उचलून उजेडात धरला. "हात घाईत गेला तर कागद कडेपासून चिरत जातो. हा बघ, आडवा सरळ गेलाय. आधी दोन श्वास झोळला होता, मी बघत होतो. मग हिसका बसला. माझ्या हाताने झोळ पडत नाही."

"मग तसं बोलला का नाहीत?"

"बोलून? साहेबांनी तुझं खोकं संध्याकाळच्या आत उतरवलं असतं."

"उतरवलंच असतं," साहेब म्हणाले. खोटं बोलणं त्यांनाही जमलं नाही.

"मग कारण शोधलं असतंस कशात?" बाबा म्हणाले. "तोंडाने बोललो ते वाऱ्यावर गेलं. वहीत लिहायला घेतलं, तर लिहवेना. म्हटलं, राहू दे रकाना. येईल भरायला."

"आणि मी आलेच नसते तर?"

बाबांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

रकाना दोन बोटांएवढा रुंद होता. बारकीला तीन वर्षांचं काम त्यात बसवायचं नव्हतं, फक्त दोन सेकंदांचं. तरी अक्षर बारीक काढावं लागलं. ठोका बदलणारा भाग त्याच ठोक्यावर चालत होता, तिने लिहिलं. मग थोडी जागा उरली म्हणून खाली लिहिलं, चूक खोक्याची नाही, खोकं बनवणारीची. शेजारच्या रकान्यात सही केली, पूर्ण, बापाच्या नावासकट. एवढी लांब सही तिने पदवीच्या अर्जानंतर कधी केली नव्हती.

साहेबांनी मागे वळून फळ्यावरचा एक पुसला आणि शून्य काढलं. ते जरा वाकडं आलं.

बाबांनी फळ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी वही हातभर लांब धरली, डोळे बारीक केले आणि ती ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. शाईवर हलकी फुंकर घातली. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव बारकीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, पण ओळखीचा वाटला. आई पाहुण्यांना भिंतीपाशी नेऊन उभं करते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असतो तो.

"लंबू, इकडे ये."

लंबू मान वाकवून आत आला. काकांनी उघडी वही त्याच्या हातात ठेवली आणि त्या ओळीखाली बोट टेकवलं.

"वाच."

लंबूने ओठ हलवत वाचलं. "काही कळलं नाही, काका."

"मलाही अर्धंच कळलं. पुढे वाच. सहीपर्यंत वाच."

लंबूने सही वाचली, आधी मुलीचं नाव, मग बापाचं. बाबांनी कानामागे तळहात धरला.

"मशीनचा आवाज आहे," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."